बदामी गाडीचं जळलेलं इंजिन

घरून, ५ फेब्रुवारी

ती. दादास,
साष्टांग नमस्कार वि. वि.

तुझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनचं पत्र मिळालं. हे सगळं फोनवर सांगितलं असतं, पण जहाजाच्या इंजिनरूमने तुझे कान पार कामातून घालवले आहेत. गेल्या वेळी मी आईला खोकला झालाय म्हणाले, तर तू घाबरून कोणी ठोकला, कोणी ठोकला विचारत बसलास. तेव्हा आपलं पत्रच बरं. आईचा खोकला गेला. ती ठणठणीत आहे आणि सध्या भयंकर चिडलेली आहे.

कारण असं, की रविवारी लांब्या येऊन गेला. हो, काकांचा लांब्याच. वीसेक वर्षांत त्या घरातलं कोणी आपल्या फाटकाशी आलं नव्हतं. फाटक न उघडताच बोलला, पण उंचीमुळे आत आल्यासारखाच वाटत होता. म्हणाला, बदामी गाडी विकायची असेल तर जशी आहे तशी घेतो. मी म्हटलं, विकायची नाही. तर म्हणे बरं, मग निदान इंजिन एकदा उघडून बघू द्या, मी समोर उभा राहीन, हातसुद्धा लावणार नाही. तेवढ्यात खिडकीतून आईचा आवाज आला, की ज्यांनी गाडीची वाट लावली त्यांना आता तिचं पोस्टमॉर्टेम करायचंय होय? तो गेला. जाताना गॅरेजच्या दाराकडे मात्र नीट बघून गेला.

मग आईने ती कहाणी पुन्हा पहिल्यापासून म्हटली. काकूचं ऑपरेशन झालं होतं, तिला दवाखान्यातून आणायला काकांनी बाबांकडून गाडी नेली, संध्याकाळी आणून लावली, आणि दोन-तीन दिवसांनी बाबांनी सांगितलं की यांनी रेडिएटरमध्ये पाणी न बघता गाडी दामटली, इंजिन जळलं, धरलं, संपलं. तेव्हापासून बाबा जाईपर्यंत भाऊ भावाशी बोलला नाही. काकू गेली तेव्हाही आपल्याकडून कोणी गेलं नाही. मला सांग, जळलेल्या इंजिनात लांब्याला काय बघायचंय? माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकते आहे.

म्हणून दुसऱ्या कोणी उघडण्याआधी आपणच उघडावं असं मी ठरवलं. कोपऱ्यावरच्या मेकॅनिकला बोलावलं. त्याला सगळे वैद्यबुवा म्हणतात, कारण तो स्क्रूड्रायव्हरचं एक टोक इंजिनाला आणि दुसरं कानाला लावून डोळे मिटतो. बंद इंजिनाला लावूनही त्याने बराच वेळ डोळे मिटले. काय ऐकू आलं देव जाणे. रेडिएटरचं झाकण काढलं तर आत ठणठणीत कोरडं. हँडल घालून फिरवायला गेला, ते जागचं हलेना. लगेच निकाल दिला, इंजिन धरलंय, भंगारात काढा, माझ्या ओळखीचा एक जण उद्याच उचलून नेईल. ही उद्याची घाई मला आवडली नाही. तुला काय वाटतं ते सविस्तर लिही.

आईचे आशीर्वाद. माझ्यावरचा लोभ गुडघ्यासारखा आखडू देऊ नकोस.

तुझी,
ठकू

* * *

बंदरावरून, १२ फेब्रुवारी

चि. ठकूस,
अ. उ. आ.

पत्र वाचलं आणि पलंगावरून उठावंसं वाटलं. उठता येत नाही म्हणून लिहितो.

पहिली गोष्ट, त्या वैद्यबुवाला गाडीपाशी एकटं सोडू नकोस. जुन्या गाडीचे सुटे भाग आता मिळत नाहीत आणि ज्याला त्यांची किंमत कळते तो आधी गाडी मेली म्हणून सांगतो. तुझ्याकडे नखांचं पॉलिश असेल तर कार्बोरेटरवर आणि डायनॅमोवर न दिसेल असा एकेक ठिपका देऊन ठेव. नंतर ठिपका दिसला नाही, तर समजायचं की भाग बदलला. हसू नकोस, जहाजावर मी हेच करायचो.

दुसरी, लांब्याने दाराकडे पाहिलं हे मला अजिबात आवडलेलं नाही. गॅरेजचं कुलूप बदल. किल्ली तुझ्याजवळच ठेव, आईच्या डब्यात नको. काका तेव्हा बाबांना बरंच काही बोलले होते, की मी पाणी बघितलं होतं, उष्णतेचा काटा मधोमध होता वगैरे. आता म्हातारपणी त्यांना काही लपवायचं तर नाही ना? इंजिनातलं काही काढून घेतलं की पुरावाच गेला.

तिसरी, आणि कामाची. हँडल फिरलं नाही म्हणजे इंजिन जळलं असं होत नाही. उभ्या उभ्या जाम झालेलं इंजिन वेगळं आणि उष्णतेने जळून धरलेलं वेगळं. गाडी न्यूट्रलमध्ये असल्याची खात्री कर. मग चारही प्लग काढायला सांग. तू काम करतेस त्या दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे लांब काडीला कापूस गुंडाळून हिरड्यांना औषध लावतात, तसल्या काड्या आण. एकेक काडी प्लगच्या भोकातून आत घाल आणि काय लागून येतं ते मला लिही. जळलेलं असेल तर कोरडं, काळं, कधी धातूची चकचकीत कणी येते. नंतर प्रत्येक भोकात थोडं पातळ तेल सोड, चार दिवस दम धर आणि मग हँडल हलक्या हाताने फिरव. जोर करणाऱ्याला हाकलून दे.

आईला यातलं फार सांगू नकोस, तिचा पारा चढेल. तिला माझा साष्टांग नमस्कार. पत्राची वाट पाहतो, नर्सपेक्षा जास्त.

तुझा,
दादा

* * *

घरून, २४ फेब्रुवारी

ती. दादास,
साष्टांग नमस्कार वि. वि.

तू सांगितलंस तसं सगळं केलं, आणि आता मला सुरुवातीपेक्षा कमी कळतंय.

प्लग काढले. वैद्यबुवांनी कुरकुर केली, की तीस वर्षांत कोणी त्यांच्या शेजारी स्टूल टाकून बसलं नव्हतं. मी बसले. दवाखान्यात दिवसभर दुसऱ्याच्या तोंडात उजेड धरायची सवय आहे, इथेही धरला. चारही काड्या घातल्या. काळं नाही, कणी नाही. चारही काड्यांना मधासारखं घट्ट, पिवळट तेल चिकटून आलं. वैद्यबुवांनी ते बोटांवर चोळलं, वास घेतला, डोळे मिटले आणि हे कुठून आलं ते त्यांना सांगता येईना. मी पातळ तेल सोडलं. चार दिवसांनी हँडलला हात घातला. आधी हूं की चूं नाही, मग किंचित दबलं, आणि मग दादा, ते फिरलं. पाळणा हलवावा तसं. मी फिरवलं, वैद्यबुवांनी फिरवलं, मी परत फिरवलं. कुठे खरखर नाही, अडकणं नाही.

म्हणजे इंजिन जळलेलंच नाही. मग बाबांनी तसं का सांगितलं?

पुढे ऐक. रेडिएटरच्या खाली तोटी असते ना, ती उघडी निघाली. इंजिनाच्या अंगाला दुसरी आहे, तिथे मान जात नाही म्हणून मी दातांचा आरसा घेऊन बघितलं, तीही उघडी. पाणी संपलं नव्हतं, कोणीतरी काढून टाकलं होतं. मला तडक लांब्या आठवला. पण तोटीच्या तोंडात कोळ्याचं जाळं आणि दगडासारखी माती होती, ती काही गेल्या महिन्यातली नाही. पेट्रोलची टाकी कोरडी. धुराच्या नळीत कोणीतरी मेणकापडाचा बोळा ठासून बसवलेला. शेवटी ठिणगी वाटणाऱ्या त्या डब्याचं झाकण काढलं, तर आतला फिरता तुकडा, रोटर, गायब. वैद्यबुवा ओरडले की चोरी झाली. मी आधी त्यांच्याकडेच बघितलं. पण झाकणाच्या क्लिपा इतक्या गंजल्या होत्या की माझ्या डोळ्यांदेखत त्यांनी पक्कड लावून त्या सोडवल्या होत्या. त्यांना माझी नजर कळली. ते चहा न घेता गेले. दुसऱ्या दिवशी मीच जाऊन त्यांची समजूत काढली.

मग मला वाटलं की काकांनीच हे केलं असेल, गाडी परत करताना, मत्सराने. आईला आडून विचारलं. ती म्हणाली, तो स्वतः चालवत आला, रिव्हर्स घेऊन गॅरेजात लावली, आम्ही दोघं दारात उभे होतो, त्याने किल्ली यांच्या हातात दिली आणि काकूला औषध द्यायचंय म्हणून लगेच गेला. रोटर नसलेली गाडी चालते का रे? नाही ना? आणि त्यानंतर गॅरेजची किल्ली बाबांच्या खिशाबाहेर कधी गेली? तूच सांग.

कुठेतरी पाणी मुरतंय आणि ते रेडिएटरमध्ये नाही. लवकर लिही.

तुझी,
ठकू

* * *

बंदरावरून, ३ मार्च

चि. ठकूस,
अ. उ. आ.

तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. दुपारी नर्सने विचारलं की घरी काही वाईट झालंय का. मी म्हटलं, अजून कळलं नाही.

चोर रोटर नेतो, कार्बोरेटर नेतो. खुनशी माणूस पाणी काढतो, टाकीत साखर टाकतो. पण दुष्टावा करणारा कोणी इंजिनाच्या पोटात घट्ट तेल सोडून ठेवत नाही. धुराच्या नळीत ओल आणि उंदीर जाऊ नयेत म्हणून मेणकापड ठासत नाही. आम्ही एखादं जहाज वर्ष-दोन वर्षं उभं करून ठेवणार असलो की इंजिनाचं हेच करतो. पाणी काढा, इंधन काढा, सिलिंडरमध्ये तेल सोडा, तोंडं बंद करा. इंजिन मरू नये म्हणून करतात हे सगळं. ज्याने केलं त्याचा जीव होता त्या गाडीवर. आणि रोटर काढला, म्हणजे त्याला ती चालायलाही नको होती.

हे काम मला शिकवणारा माणूस आपल्याच घरात होता. मी त्याचं नाव लिहीत नाही, तुलाही कळलं असेल.

पण ठकू, माझी चूक होत असेल. माझी चूकच ठरावी असं मला वाटतं. म्हणून दोन गोष्टी कर. इंजिन जळलं हे त्या वेळी कोणत्या मेकॅनिकने सांगितलं ते आईकडून काढून घे. ती तुझ्या प्रश्नावर प्रश्न विचारेल, तेव्हा सहज बोलल्यासारखं विचार. दुसरं, बाबा कुठलाही सुटा भाग कधी फेकत नसत. रोटर त्यांनी काढला असेल तर तो घरातच आहे, आणि नीट गुंडाळलेला आहे. त्यांचं टेबल, हत्यारांची पेटी, कपाटाचा वरचा खण बघ. आई घरात नसताना बघ.

मला दिसत नाही ते एवढंच, की का. आरटीओत बसून सगळ्या गावाला गाडी चालवायला पास-नापास करणारा माणूस, स्वतःची गाडी स्वतःच झोपवून ठेवतो आणि आळ सख्ख्या भावावर घालतो, तो का?

काळजी घे. माझा राग तुझ्यावर नाही, अक्षर वेडंवाकडं आलंय म्हणून सांगतो.

तुझा,
दादा

* * *

घरून, ११ मार्च

ती. दादास,
साष्टांग नमस्कार वि. वि.

रोटर सापडला.

आधी पहिलं सांगते. आईला विचारलं, अगं, तेव्हा मेकॅनिक कोण आला होता? ती म्हणाली, कोणी कशाला यायला हवं, तुझ्या बाबांना काय कमी कळत होतं? म्हणजे कोणीच आलं नव्हतं. बाबा बोलले, आपण ऐकलं. कोणी बॉनेटसुद्धा उघडून पाहिलं नाही.

परवा आई शेजारच्या बाईंबरोबर डोळ्यांच्या तपासणीला गेली, तेव्हा मी बाबांचं टेबल उघडलं. हत्यारांची पेटी आधीच बघून झाली होती. टेबलाचा खालचा खण अडकलेला असतो ना, तो ओढून काढला. त्यात चष्म्यांच्या डब्या होत्या. एक नाही, दोन नाही, खण भरून. मी एकेक उघडत गेले. प्रत्येकात चष्मा. फ्रेम सगळ्यांची तीच, बाबांची ती काळी जाड फ्रेम, आपण आयुष्यभर पाहिलेली. काचा मात्र एकीपेक्षा एक जाड. शेवटची तर बाटलीचा तळ. आपल्याला कधी कळलंच नाही की चष्मा बदलला, कारण चेहऱ्यावर तो तसाच दिसायचा. दुकानं सगळी वेगवेगळी, एकही आपल्या भागातलं नाही. आणि तळाच्या एका डबीत चष्मा नव्हता. तेलकट कागदात गुंडाळलेला रोटर होता, पितळी पट्टीला ग्रीस लावून.

मला वाटलं होतं डोळे निवृत्तीनंतर गेले. मोतीबिंदूचं ऑपरेशन तेव्हाच झालं, तेव्हाच आपण हळहळलो. पण त्यातली एक जाड काचेची डबी, तिच्यावर ज्या दुकानाचं नाव आहे, त्याच जागेत आमचा दातांचा दवाखाना आहे. ते दुकान बंद पडून तिथे डॉक्टरीणबाई आल्या आणि मी नोकरीला लागले, तेव्हा बाबा रोज ऑफिसला जात होते. शेजारच्या सीटवर बसून लोकांची ड्रायव्हिंगची परीक्षा घेत होते, दादा. मला आठवतं, उमेदवाराला ते लांबच्या गाडीचा नंबर मोठ्याने वाचायला लावत. त्याने वाचलेला बरोबर की चूक हे त्यांना कसं कळत होतं?

आणि गाडी बंद पडली त्या वर्षी त्यांनी मला सकाळी पेपर वाचून दाखवायला लावायला सुरुवात केली. म्हणायचे, तुझे उच्चार सुधारतील. माझे उच्चार चांगलेच होते.

मी सगळं होतं तसं ठेवलं, रोटर तेवढा घेतला. आई आली, तिने माझ्याकडे बघितलं आणि विचारलं की खणाची धूळ हातांना कशी लागली. मी म्हटलं, पेन शोधत होते. तिने मान हलवली, पण पेन सापडलं का असं काही विचारलं नाही. हे मला खटकलं.

उत्तराची वाट बघते. नीट जेवत जा, नुसता तापत बसू नकोस.

तुझी,
ठकू

* * *

बंदरावरून, १७ मार्च

चि. ठकूस,
अ. उ. आ.

कळलं. डोळे गेले हे ऑफिसला कळलं असतं तर नोकरी गेली असती. घरी गाडी धड उभी आणि मालक ती बाहेर काढत नाही, हे कोणाच्या तरी लक्षात आलंच असतं. गाडी बिघडली पाहिजे होती. बिघडवायला जीव झाला नाही, म्हणून झोपवली. आणि बिघडवणारा कोणीतरी दाखवायला हवा होता. त्याच आठवड्यात काकांनी गाडी मागितली.

मी त्यांची बाजू घेऊन बघितली. भीती कळते. पगार बंद झाला असता, आपलं शिक्षण राहिलं असतं, हेही कळतं. पण निवृत्तीनंतर काय? तेव्हा तर सांगता आलं असतं. काकू गेली त्या दिवशी काय? मला त्यांच्याशी भांडायचंय आणि ते नाहीत. कुबडी भिंतीवर आपटली तर नर्सने ती काढून नेली, आता मी अडकून पडलोय.

आता आईचं. तुला जे खटकलं तेच मला खटकलं. ती जाणून होती का? काकांचं नाव निघालं की सगळ्यात जास्त तीच पेटायची. इतकं पेटायला माणसाला एक तर काहीच माहीत नसावं लागतं, नाही तर सगळं. तिला सरळ विचारू नकोस. तिच्यासमोर गाडी सुरू कर आणि तिचं तोंड बघ.

रोटर बसवताना खालची खाच बघून बसव, तो एकाच बाजूने बसतो. वैद्यबुवाला सांग, घाई नको.

तुझा,
दादा

* * *

घरून, २ एप्रिल

ती. दादास,
साष्टांग नमस्कार वि. वि.

तू सांगितलंस तसं मी आईचं तोंड बघायला निघाले होते. अशा कामाला मी पुन्हा जाणार नाही.

नवी बॅटरी, नवं पेट्रोल, नळ्या साफ, पाणी भरलं, तोट्या बंद. रोटर मी बसवला. वैद्यबुवा म्हणाले, तुमची बोटं बारीक आहेत. गाडी पहिल्यांदा नुसती खोकली. दुसऱ्यांदा मागून पांढऱ्या धुराचा लोट निघाला, ते आतलं जुनं तेल जळत होतं, आणि मग ती बोलायला लागली. आधी अडखळत, मग सरळ. वैद्यबुवांनी स्क्रूड्रायव्हर कानाला लावला आणि या वेळी डोळे मिटले ते मला खरे वाटले.

आई स्वयंपाकघरातून आली. हात ओले होते, ते पुसायचं राहिलं. ती गॅरेजच्या दारात उभी राहिली आणि बराच वेळ नुसती ऐकत होती. मग तिने वैद्यबुवांना विचारलं की जळलेलं इंजिन असं चालतं का हो? ते म्हणाले, बाई, हे कधी जळलंच नव्हतं. तिने मला विचारलं, की खणात काय सापडलं? मी सांगितलं. सगळं, चष्म्यांसकट.

आपला संशय अर्धा खरा निघाला, दादा. डोळ्यांचं तिला माहीत होतं. ऑफिसचे कागद रात्री तीच त्यांना वाचून दाखवायची, मुलांना कळता कामा नये अशी शपथ होती. रोज सकाळी ते निघाले की वळणाआड जाईपर्यंत ती फाटकाशी उभी राहायची. गाडी बिघडल्याचं ऐकलं तेव्हा तिला आधी हायसं वाटलं, असं ती म्हणाली. आज ना उद्या हे गाडी घेऊन कोणाच्या तरी अंगावर जातील, ती भीती सुटली. मग ती एवढंच म्हणाली, की हायसं वाटल्याची लाज वाटायची, म्हणून भाऊजींवर जास्त चिडायची. आणि इंजिन खरंच जळलं का, हे तिने कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं, म्हणाली.

ब्रेक अजून व्हायचे होते, पण आई थांबेना. त्याच दुपारी आम्ही टॅक्सी करून काकांकडे गेलो. लांब्याने दार उघडलं आणि आम्हाला बघून त्याचा चेहरा पडला. त्याला वाटलं, तुझ्याबद्दल काही वाईट बातमी आहे. काका मागे उभे. वाळलेत, पाठ वाकली आहे, पण शाळेत चित्रकला शिकवताना असायची तशी पेन्सिल अजून कानाला. आई उंबऱ्यातच उभी राहिली आणि म्हणाली, गाडी आज सुरू झाली, इंजिन कधीच जळलं नव्हतं, तुम्ही काही केलं नव्हतं. बसलीसुद्धा नाही, आधी हे बोलली.

काकांनी काय विचारलं माहीत आहे? काटा कुठे होता. पाण्याच्या उष्णतेचा काटा. मी म्हटलं, मधोमध. ते बूट घालायच्या स्टुलावर बसले. मग लांब्याने सांगितलं ते ऐकून मला कुठे बघावं कळेना. पहिली काही वर्षं काका भांडत राहिले की मी पाणी बघितलं होतं. पुढे पुढे त्यांचा स्वतःवरचाच भरवसा उडाला. काकू मागच्या सीटवर कण्हत होती, आपलं लक्ष तिच्याकडे होतं, आपण खरंच काट्याकडे पाहिलं होतं का? लांब्या लहानपणी पेपर उघडायचा तर बातम्यांच्या कडेला तो काटा काढलेला असायचा, कधी मधोमध, कधी लालच्या जवळ. गाडी त्यांनी पुन्हा कधी हातात धरली नाही. गेल्या पावसाळ्यात आजारी पडले, तेव्हा तापात म्हणत होते की एकदा उघडून बघितलं असतं तर बरं झालं असतं. म्हणून लांब्या आपल्या फाटकाशी आला होता. आणि आपण कुलूप बदललं.

मी बाबांचं सांगितलं. काका ऐकत होते. मध्ये एकदा म्हणाले की मला सांगितलं असतं तर मी आनंदाने आळ घेतला असता, नुसतं विचारायचं होतं. आई काकूच्या फोटोकडे बघून म्हणाली, मी तेव्हा यायला हवं होतं. काकांनी तिची समजूत घातली नाही. म्हणाले, हो वहिनी, यायला हवं होतं. शेवटी आईने विचारलं, चहा मी करू का. लांब्याने तिला स्वयंपाकघर दाखवलं.

निघताना काकांनी तुझा पत्ता मागितला. मी दिला. रागावू नकोस.

तुझी,
ठकू

* * *

१९ एप्रिल

चि. थोरल्यास,
अनेक आशीर्वाद वि. वि.

तुझ्या बहिणीकडून पत्ता घेतला. तुला पत्र लिहायची सवय गेली आहे, काही कमीजास्त झालं तर चालवून घे.

ब्रेक झाल्यावर तिने गाडी माझ्या दाराशी आणली. आई तुझी मागे बसली होती. मी शेजारी बसलो. ठकू गाडी चांगली चालवते, गिअर टाकताना मात्र जीभ बाहेर काढते. आम्ही दवाखान्याच्या रस्त्याने घरापर्यंत आलो, त्या दिवशी मी आलो होतो तसेच. मी सगळा वेळ काट्याकडे बघत होतो. मधोमधच होता. त्या दिवशीही मधोमधच होता. आता मला ते खात्रीने आठवतं. आठवतं आहे की आता ठरवलं आहे, ते सांगता येत नाही.

तू तुझ्या बापावर फार रागावला आहेस असं ठकू म्हणते. राग. मीही रागावलो आहे. लोक सांगतात, गेलेल्या माणसाला माफ करावं. मी काही इतक्यात करत नाही. त्याच्यामुळे तुझी काकू या घरात एकटी गेली, जाऊ कधी येईल म्हणून दाराकडे बघत. ते मी विसरणार नाही. पण काल बाजारात एका म्हाताऱ्याने चष्मा वर करून नोट अगदी डोळ्यांपाशी धरली आणि मला भाऊ दिसला. सकाळी ऑफिसला निघताना त्याला किती भीती वाटत असेल, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. तेवढं दिसलं. पुढचं जसं जमेल तसं.

तुझ्या बहिणीने त्या मेकॅनिकची ओळख करून दिली. मोठा बोलघेवडा माणूस आहे. इंजिन धड आहे हे आपणच ओळखलं असं सगळ्यांना सांगतो. मी त्याला सांगू देतो.

एक काम काढलं आहे. माझं लायसन्स केव्हाच संपलं. या वयात नवं मिळवायचं तर परीक्षा द्यावी लागते. लांब्या म्हणतो, कशाला ही कटकट. मी अर्ज केला. डोळे तपासून घेतले, चांगले आहेत, तुझ्या आईने स्वतः शेजारी उभं राहून खात्री करून घेतली आणि शेवटच्या ओळीची अक्षरं डॉक्टरला पुन्हा विचारायला लावली. परवा परीक्षा आहे. परीक्षक एक मुलगी आहे, लांब्यापेक्षाही लहान, फार कडक आहे म्हणतात.

तुझा गुडघा वाकायला लागला की ये. स्टेशनवर बदामी असेल. पास झालो तर मी घेऊन येईन. नापास झालो तर ठकू चालवेल, मी शेजारी बसेन, आणि महिन्याभराने पुन्हा अर्ज करीन.

येण्याचा दिवस कळव. इतकी वर्षं गेली तरी तुझ्यासाठी दार तेच आहे एवढं ध्यानात असू दे.

तुझा,
काका